मजुरीच्या नावाचा शिंपला: वॅम्पम खरोखर 'आदिम चलन' होते का?

१/ १७५८ साली कार्ल लिनियसने 'सिस्टेमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत दोन समुद्री जीवांना पैशावरून नावे दिली. एक हिंदी महासागरातील कवडी, 'सायप्रिया मोनेटा'. मोनेटा म्हणजे नाणे. दुसरा उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जाड कवचाचा खाद्य शिंपला, 'व्हीनस मर्सिनेरिया'. लॅटिन 'मर्सेस' म्हणजे मजुरी, मोबदला. दोन्ही नावे अर्धसत्य आहेत. दुसऱ्या अर्धसत्याची किंमत मात्र काही समाजांना न्यायालयात आणि वस्तुसंग्रहालयांत मोजावी लागली. हा थ्रेड त्याविषयी आहे.

२/ प्रथम त्या जीवाची ओळख. कोकणातील तिसऱ्या ज्या व्हेनेरिडी कुळात मोडतात, त्याच कुळातील हा शिंपला. कॅनडाच्या आखातांपासून फ्लोरिडापर्यंत, उथळ खाड्यांच्या वाळूत आणि चिखलात तो रुतून बसलेला असतो. इंग्रजीत त्याला 'क्वाहॉग' म्हणतात, न्यू इंग्लंडमधील लोक 'कोहॉग' म्हणतात. हा शब्द इंग्रजी नव्हेच. नॅरागॅन्सेट भाषेतील 'पोकॉहॉक' झिजून तो तयार झाला. आज बाजारात त्याचे आकारानुसार भाव ठरतात: लहान तो 'लिटलनेक', मधला 'चेरीस्टोन', आणि सर्वांत मोठा, चिवट, 'चाउडर' नावाच्या दाट सारात चिरून टाकण्याजोगा.

३/ या शिंपल्याचे कवच आतून पांढरे असते. फक्त एका कडेला, स्नायू चिकटलेला असतो त्या बाजूस, जांभळा डाग असतो. कधी फिकट, कधी जवळजवळ काळा. या बोटभर जांभळ्या भागावर सतराव्या शतकातील उत्तर अमेरिकेचे अर्धे राजकारण फिरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

४/ रॉजर विल्यम्स हा प्रॉव्हिडन्स वसाहतीचा संस्थापक. १६४३ मध्ये लंडनला छापलेल्या आपल्या नॅरागॅन्सेट भाषेच्या पुस्तकात त्याने या शिंपल्याची नोंद केली आहे. स्थानिक लोक खोल पाण्यात उतरून, बुडी मारून तो काढतात. मांस खाल्ल्यावर कवचाचा अर्धा इंचभर काळा भाग फोडून घेतात आणि त्यापासून 'सकॉहॉक', म्हणजे काळे मणी, घडवतात. इंग्रज वसाहतकरी या शिंपल्यांना 'कोंबड्या' म्हणत, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. का म्हणत, ते मात्र सांगितलेले नाही.

५/ या नोंदीतील क्रम लक्षात घ्यावा. आधी मांस, मग मणी. शिंपला सर्वप्रथम अन्न होता. किनाऱ्यावरील कवचांचे प्राचीन ढिगारे याची साक्ष देतात आणि कवचावरील वाढीच्या रेषा वाचून तो वर्षाच्या कोणत्या ऋतूत काढला गेला, हेही पुरातत्त्वज्ञ सांगू शकतात. आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हा शिंपला थेट टांकसाळीतूनच अवतरतो.

६/ जांभळे मणी क्वाहॉगचे, तर पांढरे मणी शंखवर्गीय 'व्हेल्क'च्या मधल्या दांड्याचे. 'वॅम्पमपीग' हा मूळ शब्द पांढऱ्या मण्यांच्या सरांसाठी होता. इंग्रजांनी त्याचा 'वॅम्पम' केला, डचांनी 'सेवांट' हा दुसरा शब्द उचलला. मणी नळीच्या आकाराचा, सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा. त्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणत मध्ये जुळवायचे. क्वाहॉगचे कवच इतके कठीण, की दगडी टोच्याने असे काम क्वचितच साधे. युरोपीय लोखंडी टोचे आल्यावर बारीक, एकसारखे जांभळे मणी मोठ्या संख्येने घडू लागले. म्हणजे ज्याला 'आदिम' म्हटले जाते, त्या वॅम्पमचे परिचित रूप हे युरोपीय संपर्कानंतरचेच आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

७/ मग हे मणी होते तरी कशासाठी? हॉडेनोशोनी, ज्यांना फ्रेंचांनी 'इरोक्वॉय' म्हटले, त्यांची परंपरा अशी: मुलींच्या मृत्यूने खचलेल्या हायावथाने शिंपल्यांचे सर ओवले आणि शोकाकुल माणसाचे सांत्वन कोणत्या शब्दांनी करावे, ते त्या सरांसह ठरले. पुढे शांतिदूताच्या सोबतीने त्याने मोहॉक, ओनायडा, ऑनन्डागा, कायुगा आणि सेनेका या परस्परांचे गळे कापणाऱ्या पाच राष्ट्रांचा संघ घडवला. सहावे, टस्करोरा, अठराव्या शतकात सामील झाले.

८/ या संघाचा जो पट्टा 'हायावथा पट्टा' म्हणून ओळखला जातो, तो जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्यांचा आहे. चार चौकोन आणि मधोमध एक वृक्ष. वृक्ष म्हणजे ऑनन्डागा, जिथे संघाचा अग्नी तेवत असे. चौकोनांना जोडणारी रेघ पट्ट्याच्या दोन्ही कडांपर्यंत जाते. पट्टा हाती घेऊन जाणता माणूस त्याचा अर्थ सभेपुढे सांगे. ही अक्षरलिपी नव्हे, पण निव्वळ नक्षीही नव्हे. शब्द माणसाच्या स्मरणात, आणि त्या स्मरणाला बांधून ठेवणारी खूण पट्ट्यात.

९/ सभेत वॅम्पम न देता बोललेल्या शब्दाला वजन नसे. निरोप खरा आहे, हे निरोप्याच्या हातातील सरावरून ठरे. खून झाला तर सूडाऐवजी मृताच्या कुटुंबाला वॅम्पम देऊन वैर मिटवता येई. येथे कोणी म्हणेल, ही तर किंमतच झाली. नव्हे. भरपाईचा सर माणसाचे मोल सांगत नाही. तो तुटलेले नाते पुन्हा जोडण्याची तयारी दाखवतो. नाणे हातात पडले की देणेघेणे संपते. वॅम्पम हातात पडले की संबंध सुरू होतो.

१०/ मराठी वाचकाला हे समजायला फार दूर जावे लागू नये. कवडी हे भारताच्या मोठ्या भागात, विशेषतः बंगाल आणि ओडिशात, शतकानुशतके सुटे चलन होते. मालदीवहून जहाजे भरभरून कवड्या येत. ओडिशात कंपनी सरकारने महसूल कवड्यांत घेणे बंद केले, हे १८१७ च्या पाईक उठावामागील एक कारण मानले जाते. मराठीत 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' आजही जिवंत आहेत. पण तुळजाभवानीच्या आराध्याच्या किंवा गोंधळ्याच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेला कोणी 'सुट्ट्या पैशांची माळ' म्हणत नाही. वस्तू तीच, अर्थ निराळा, आणि कोणता अर्थ कुठे लागू, हे त्या समाजाला नेमके ठाऊक असते. हाच विवेक वॅम्पमच्या बाबतीत का सुटतो?

११/ तो सुटला, कारण वॅम्पमला चलन करण्यात वसाहतींचा फायदा होता. १६२२ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी याकोब एल्केन्स याने एका स्थानिक सचेमला, म्हणजे प्रमुखाला, ओलीस धरून शिरच्छेदाची धमकी दिली. सुटकेसाठी १४० वाव वॅम्पम मिळाले. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, कोळी समाजाला हे माप नवे नाही. इंग्रजीतील 'फॅदम' तेच.) हे मणी किनाऱ्यावरच्या लोकांना किती प्रिय आहेत, हे डचांना त्या प्रसंगातून उमगले.

१२/ यातून एक साखळी तयार झाली. युरोपीय कापड, भांडी आणि हत्यारे लाँग आयलंडच्या सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर द्यायची, बदल्यात वॅम्पम घ्यायचे, ते वॅम्पम आतल्या मुलुखात नेऊन बीव्हरची कातडी घ्यायची आणि ती टोप्यांसाठी युरोपला पाठवायची. १६२७ मध्ये न्यू नेदरलँडचा सचिव इसाक द रासिएर याने प्लिमथच्या इंग्रजांना पन्नास वाव वॅम्पम विकले. त्याचा हिशेब धूर्त होता: इंग्रजांनी स्वतः वॅम्पमच्या शोधात निघू नये, नाहीतर कातड्यांच्या व्यापाराचे गुपितही त्यांना कळेल. प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड नोंदवतो, की पहिली दोन वर्षे तो माल खपेना. नंतर मात्र मागणी पुरवता येईना. द रासिएरचा डाव त्याच्यावरच उलटला.

१३/ किनाऱ्यावरील लोकांना केवळ फसवले गेलेले भाबडे मानणे, हीसुद्धा एक प्रकारची अवहेलना आहे. पीक्वॉट आणि नॅरागॅन्सेट यांनी या व्यापारातून सामर्थ्य मिळवले, शेजाऱ्यांवर वर्चस्व गाजवले, मण्यांचे उत्पादन वाढवले. विल्यम्सने स्वतः वॅम्पमला 'पैसा' म्हटले आहे, आणि तो स्थानिकांच्या भाषेचा जाणकार होता. पण त्याची नोंद १६४३ ची आहे. तोवर दोन दशकांचा व्यापार, एक युद्ध आणि एक कायदा होऊन गेला होता. त्या क्षणाचे वर्णन हजार वर्षांच्या परंपरेचे वर्णन समजणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने न करण्याजोगी चूक आहे.

१४/ ते युद्ध आणि तो कायदा एकाच वर्षातले. मे १६३७ मध्ये कॅप्टन जॉन मेसनच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी मिस्टिक येथील पीक्वॉटांच्या तटबंदीच्या गावाला आग लावली. चारशे ते सातशे माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. सोबत आलेले नॅरागॅन्सेट योद्धेही या संहाराने हादरले. युद्धाची कारणे अनेक होती. व्यापाऱ्यांचे खून होते, जमीन होती, आपसांतील जुनी वैरे होती. वॅम्पम घडणाऱ्या किनाऱ्यावर हुकमत कोणाची, हाही त्यांतला एक प्रश्न होता.

१५/ त्याच १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने वॅम्पमला विधिग्राह्य चलन ठरवले: बारा पेन्सपेक्षा लहान व्यवहारांत, एका पेनीला सहा मणी. वसाहतीत नाण्यांचा दुष्काळ होता आणि इंग्लंडहून आलेले चांदीचे नाणे आयात मालाच्या पोटी परत इंग्लंडलाच जाई. पुढे दर बदलले, मर्यादा वाढली, पांढऱ्याच्या दुप्पट भाव जांभळ्याला मिळाला. 'स्थानिकांच्या प्राचीन पैशाचा इंग्रजांनी स्वीकार केला' असे हे कथन सर्वत्र सांगितले जाते. वस्तुतः ठरावीक दर, कायद्याची सक्ती आणि कर्जफेडीची हमी ही चलनाची तिन्ही लक्षणे वॅम्पमला वसाहतीच्या सभागृहाने चिकटवली.

१६/ १६३८ च्या हार्टफर्ड कराराने उरलेल्या पीक्वॉटांची विजेत्यांत वाटणी केली आणि त्यांचे नाव घेण्यावरही बंदी घातली. शिवाय वाटून घेतलेल्या प्रत्येक पीक्वॉट पुरुषामागे दरवर्षी एक वाव पांढरे वॅम्पम, तरुणामागे अर्धा वाव, मुलामागे हातभर, अशी खंडणी लावली. 'संबंध सुरू करणारी' वस्तू डोईपट्टीचे माप झाली. वॅम्पमचा अर्थ बदलला कधी, असा प्रश्न परीक्षेत कोणी विचारलाच, तर या कलमाकडे बोट दाखवावे.

१७/ यानंतरची घसरण आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना ओळखीची वाटेल. १६४१ मध्ये न्यू नेदरलँडचा संचालक विलेम कीफ्ट तक्रार करतो, की बाहेरून आलेले खडबडीत, न ओवलेले सेवांट बाजारात माजले आहे आणि मॅनहॅटनचे चांगले, घोटीव मणी दिसेनासे झाले आहेत. वाईट चलन चांगल्याला हाकलते, तो हाच प्रकार. त्याने दर बांधून दिले: घोटीव मणी एका स्टायव्हरला चार, खडबडीत पाच. दर बांधून बाजार ऐकत नाही, हे कीफ्टला उमगले नसावे. याच गृहस्थाने १६३९ मध्ये आसपासच्या जमातींकडून मका, कातडी आणि सेवांट यांची खंडणी मागितली होती. चार वर्षांनी पेटलेले युद्ध त्याच्याच नावाने ओळखले जाते.

१८/ दरम्यान शिंपला जिथे राहतो, त्या चिखलाचे काय झाले? स्त्रिया ओहोटीच्या वेळी शिंपले खणून काढत. इंग्रजांची मोकाट डुकरेही ओहोटीवर नजर ठेवून नेमक्या त्याच वेळी किनारा उकरू लागली. डुकरांइतका स्थानिकांना नकोसा दुसरा प्राणी नव्हता, असे विल्यम्स लिहितो. १६४२ मध्ये नॅरागॅन्सेट सचेम मियान्टोनोमी लाँग आयलंडच्या लोकांपुढे बोलला, त्या भाषणात वॅम्पमचा दर नाही. इंग्रजांच्या गायी गवत खातात, डुकरे शिंपल्यांचे पट्टे नासवतात, आणि अशाने सगळे उपाशी मरतील, असे तो बजावतो. पुढच्याच वर्षी त्याला ठार करण्यात आले. चलनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे भाषण वाचले असते, तर शिंपल्याला त्यांनी आधी अन्न म्हटले असते.

१९/ १६५२ मध्ये बॉस्टनला टांकसाळ निघाली. वेस्ट इंडीजच्या व्यापारातून चांदी येऊ लागली. किनाऱ्याजवळचे बीव्हर संपत आले. १६६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने वॅम्पमची कायदेशीर मान्यता काढून घेतली. न्यूयॉर्कमध्ये ते आणखी रेंगाळले. १६९३ सालीही ब्रुकलिनच्या तरीचे भाडे वॅम्पममध्ये देता येत होते. एकूण पाहता, न्यू इंग्लंडमधील 'प्राचीन चलना'चे कायदेशीर आयुष्य जेमतेम पाव शतकाचे.

२०/ आणि येथे खरी गंमत सुरू होते. चलन म्हणून मोडीत निघालेले वॅम्पम मुत्सद्देगिरीत मात्र तसेच चालू राहिले. अठराव्या शतकात हॉडेनोशोनींशी वाटाघाटी करणारा ब्रिटिश अधिकारी सर विल्यम जॉन्सन सभेत पट्टे देई आणि घेई. त्यावाचून त्याचा शब्द कोणी ऐकला नसता. नव्याने स्थापन झालेल्या अमेरिकेनेही तेच केले. ११ नोव्हेंबर १७९४ च्या कॅनान्डेग्वा कराराशी जोडल्या जाणाऱ्या 'वॉशिंग्टन पट्ट्या'वर हात धरून उभ्या तेरा मोठ्या आकृत्या, म्हणजे तेरा राज्ये आहेत, आणि मध्ये एक घर आहे. हा पैसा नाही, हे गोऱ्या राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते.

२१/ 'टू रो' पट्ट्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण समाजमाध्यमांवर त्याची चित्रे फार फिरतात. पांढऱ्यावर दोन समांतर जांभळ्या ओळी: एक स्थानिकांची होडी, एक युरोपीयांचे जहाज, एकाच नदीत, एकमेकांच्या सुकाणूला हात न लावता. परंपरा हा करार १६१३ चा मानते. त्या वर्षाचा म्हणून पुढे आलेला डच कागद अभ्यासकांनी बनावट ठरवला आहे. पण कागद खोटा निघाला म्हणून पट्ट्यातला विचार खोटा ठरत नाही. मौखिक स्मृतीने वर्ष चुकवले असेल. संबंधाचे स्वरूप चुकवले, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

२२/ आता ती किंमत. १८९१ मध्ये ऑनन्डागांचा वॅम्पम-रक्षक टॉमस वेब्स्टर याच्याकडून जनरल हेन्री कॅरिंग्टनने चार पट्टे ७५ डॉलरना घेतले. त्यांत हायावथा पट्टाही होता. हात बदलत ते आल्बनीचा महापौर जॉन बॉइड थॅचर याच्याकडे ५०० डॉलरना पोहोचले. ऑनन्डागांनी खटला भरला: रक्षकाला विक्रीचा अधिकारच नव्हता, हे पट्टे साऱ्या संघाचे. न्यायालयांनी ते मानले नाही. संघाचा काळ सरला आणि पट्टे त्या सरलेल्या काळाचे अवशेष, असा एकूण सूर होता. १९०३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर प्रकरण निकाली काढले.

२३/ यात 'मर्सिनेरिया'चा दोष काय, असे कोणी विचारेल. लिनियसने खटला चालवला नाही, हे खरेच. पण एखादी वस्तू 'पैसा' किंवा 'जुनी चीज' मानली, की ती विकता येते. ज्याच्या हातात असेल तो मालक. तीच वस्तू 'दस्तऐवज' मानली, तर रक्षक हा रक्षकच राहतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा रुमाल कारकुनाने विकला, तर घेणाऱ्याची मालकी कोणी मान्य करील काय? वॅम्पमला चलनाच्या इतिहासात कोंबल्यामुळे त्याला अभिलेखाचा दर्जा नाकारणे सोपे गेले. 'लिपी नाही म्हणून इतिहास नाही' या जुन्या हट्टाचाच तो एक अवतार.

२४/ हा हट्ट एकोणिसाव्या शतकात संपला नाही. पट्टे परत देण्याची मागणी जोर धरू लागली, तेव्हा १९७१ मध्ये हॉडेनोशोनींचे नामांकित अभ्यासक विल्यम फेन्टन यांनी न्यूयॉर्क राज्याचा वॅम्पम संग्रह अखंड राखावा, अशी बाजू लेखातून मांडली. जतनाची काळजी खोटी नसेल. पण ज्यांची सनद, त्यांनाच ती हाताळू देणे धोक्याचे, हा युक्तिवाद वसाहतींच्या इतिहासात इतक्यांदा आला आहे, की त्याकडे संशयाने पाहण्याचा अधिकार वाचकाला आहे.

२५/ जाता जाता काही प्रचलित समजुती. मॅनहॅटन मणी देऊन विकत घेतले, ही कथा: १६२६ च्या डच पत्रात ६० गिल्डरचा उल्लेख आहे, मण्यांचा नाही. इंग्रजीतील 'शेल आउट' वॅम्पमवरून आले, ही व्युत्पत्ती: तो वाक्प्रचार शेंगा सोलण्यावरून आलेला दिसतो. जुन्या अमेरिकी बोलीत डॉलरला 'क्लॅम' म्हणत, त्याचा धागा वॅम्पमपर्यंत जोडण्याचा मोह सर्वांनाच होतो. पुरावा तेवढा जोडता येत नाही.

२६/ १८१७ मध्ये शूमाकरने या शिंपल्यांसाठी स्वतंत्र प्रजाती-गट केला आणि त्यालाही 'मर्सिनेरिया' हेच नाव दिले. त्यामुळे आज शास्त्रीय नाव 'मर्सिनेरिया मर्सिनेरिया' असे आहे: मजुरी, दोनदा. प्राणिशास्त्राच्या नामकरणाचे नियम पाहता ते बदलणार नाही, बदलावे असेही नाही. ऱ्होड आयलंडने १९८७ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत शिंपला ठरवले, तेव्हा निवडलेला लोकनामाचा शब्द मात्र नॅरागॅन्सेटांचाच होता.

२७/ ऑक्टोबर १९८९ मध्ये न्यूयॉर्क स्टेट म्युझियमने बारा पट्टे ऑनन्डागा राष्ट्राला परत केले. हायावथा पट्टा आणि वॉशिंग्टन पट्टा त्यांत होते. कॅनान्डेग्वा करारानुसार अमेरिकी सरकारने दरवर्षी ४,५०० डॉलरचा माल सहा राष्ट्रांना द्यायचा आहे, आणि तो आजही कापडाच्या रूपात दिला जातो. रक्कम १७९४ चीच आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा आखूड होत गेला. तरीही हॉडेनोशोनी रोख रकमेऐवजी कापडच मागतात.